एकही मुडदा न पडणारा गेम

परवा रविवारी सकाळी, उरणला आमच्या घरी, मी एका माणसाच्या डोक्यावर चाळीस फुटी कंटेनर टाकला... आणि काय मजा आली म्हणून सांगू. गेममध्ये हो, घाबरू नका. पण अजून लिहितानाही हात शिवशिवतायत.

मी न्हावा शेव्याला यार्डात क्रेन चालवतो. चांगली सहा मजले उंच केबिन, पायाखाली काच, दोन हातांत दोन जॉयस्टिक. डबा, म्हणजे कंटेनरला आम्ही डबाच म्हणतो, उचलायचा आणि ट्रेलरवर अलगद ठेवायचा. एकोणीस वर्षं हेच चाललंय.

माझी लेक ऋतुजा यंदा बारावी झाली. तिला पुण्याला गेम बनवायच्या कोर्सला जायचंय आणि मी आडवा आलो होतो. कारण तिच्या मोबाइलवर जो गेम बघावा त्यात नुसता गोळीबार... दिसला माणूस की घाल गोळी. एकदा मी तो गेम न विचारता डिलीट केला, तर बापलेकीत चार दिवस अबोला.

तिला विचारलं होतं, जगात एवढी कामं आहेत, मग तुमच्या गेममध्ये माणसं मारण्यापलीकडे धंदाच नाही का? तिचं उत्तर मला तेव्हा पळवाट वाटलं. "बाबा, मारणं बनवायला सोपं असतं. गोळी लागली, माणूस गायब, विषय संपला. कोणाला समजावणं, भांडून परत गोड होणं, हे बटणावर कसं बसवू ते तुम्हीच सांगा."

मीही हट्टाला पेटलो. म्हटलं, एकही मुडदा पडणार नाही आणि तरी मला समोरून उठावंसं वाटणार नाही, असा गेम करून दाखव. दाखवलास तर कोर्सच्या फॉर्मवर सही, नाही तर पनवेलला बीकॉम.

पोरीने अख्खी सुट्टी त्यात घातली. फॉर्मची मुदत सोमवारी संपत होती. रविवारी चहा-चपाती झाली आणि तिने लॅपटॉप माझ्या पुढ्यात ठेवला.

बघतो तर काय... आमचं यार्ड! पिवळी क्रेन, रांगेत ट्रेलर, रचलेले डबे. आणि डब्यांचे नंबर तपासणारा केशरी जॅकेटमधला एक चेकर. तो तिने नुसता शोभेला उभा केला होता, हेल्मेट सरळ करायचा आणि मला हात दाखवायचा. छाती फुगली माझी, खोटं कशाला बोलू. आपण रोज काय करतो ते पोरीने एवढं बारकाईने विचारून घेतलं होतं ते उगाच नाही.

पहिला अर्धा तास शहाण्यासारखा खेळलो. डबा हळू टेकवला की गुण वाढायचे, आदळला की कमी व्हायचे. ऋतुजा शेजारी नखं खात बसली होती.

मग एक ट्रेलर वाकडा येऊन लागला. ड्युटीवर अशा वेळी मी थांबतो, हॉर्न देतो, वाट बघतो... वाट बघण्यातच निम्मी नोकरी गेली. त्या दिवशी काय झालं कुणास ठाऊक, मी डबा वरूनच सोडून दिला.

धडाम! ट्रेलरचा पापड. गुण शंभराने खाली आणि मी खदाखदा हसतोय. पुन्हा एक सोडला. मग आणखी एक. मग माझी नजर त्या केशरी जॅकेटवर गेली... तीनदा नेम चुकला, चौथ्यांदा बरोब्बर डोक्यात. पठ्ठ्या आडवा झाला, दोन सेकंदांनी उठला, पँट झटकली आणि पुन्हा मला हात दाखवला. मी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

माझी बायको सुनंदा बोंबील साफ करता करता ओल्या हातांनी बाहेर आली. "काय झायलंय ओ तुमाना? शेजारी इचारतान."

तेव्हा कुठे माझं ऋतुजाकडे लक्ष गेलं. तोंड एवढंसं झालं होतं तिचं. म्हणाली, "मी मारायचं काही ठेवलंच नव्हतं त्यात. तुम्हीच मारलंत. आता सही नाही ना करणार?"

एकोणीस वर्षांत माझ्या हातून एक डबा पडलेला नाही. पण काचेखालून माणूस चालत गेला की आजही तळहातांना घाम सुटतो, आणि हे मी घरात कधी बोललो नव्हतो. जे होऊ नये म्हणून आठ-आठ तास जीव मुठीत धरून बसतो, तेच मी त्या लॅपटॉपवर मुद्दाम केलं... आणि कुणाला काही झालं नाही. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

सगळ्याच गेममागे हेच असतं असं मी म्हणत नाही. काही जण नुसतं रक्त दाखवून विकतात, ते मला अजूनही आवडत नाही. पण शाळा-क्लासात दिवसभर शहाण्यासारखं वागून आलेली पोरं त्यात काय शोधत असतील, ते पहिल्यांदा थोडं कळलं.

हे सगळं तिला सांगितलं, घामासकट. ती माझ्या हातांकडे बघत राहिली. मग मी फॉर्म मागितला आणि सही केली... आयुष्यात एवढी झोकदार सही मी कधी केली नव्हती.

फॉर्म उचलताना ती म्हणाली, "बाबा, तो चेकर आज दुरुस्त करते. एवढा डबा पडल्यावर माणूस उठतो, ते चुकलंय माझं. धक्का लागला तर पडून उठेल एवढंच केलं होतं, मरायचं बनवायचं राहूनच गेलं."

म्हटलं, त्याला हात लावू नकोस बाळा. तो उठतो, म्हणून तर तुझा बाप हसला.