साडूंचे दहापैकी गुण

जगातला कुठलाही पदार्थ गुण न देता गिळणारा माणूस माझ्या साडूंना अडाणी वाटतो. निवृत्तीपर्यंत ते एका कंपनीत चहा चाखायला होते. घोट फुर्रकन ओढायचा, तोंडात घोळवायचा, थुंकायचा. रोज दोनशे कप. नोकरी संपली, सवय राहिली. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी मठ्ठा असा ओढला की अख्खी पंगत वळली, आणि मग तो पेल्यात परत थुंकला. व्याही धावत आले. ‘‘घाबरू नका,’’ साडू म्हणाले, ‘‘सहा आहेत. आलं जुनं आहे.’’ हे गुण ते वहीत लिहितात. मुलुंडला आमच्या इमारती समोरासमोर, त्यामुळे माझ्या बायकोच्या आमटीचे सतरा वर्षांचे आकडे त्यांच्याकडे आहेत. आठाच्या वर कोणी गेलेलं नाही. त्यांची सख्खी आईसुद्धा पावणेआठावर अडकली.

त्यांची मुलगी नाशिकला वाइन बनवते. दिवाळीनंतर ती एक बाटली घेऊन आली. दोन जातींच्या द्राक्षांची, कंपनीची सगळ्यांत भारी रेड. आणि कुठली किती मिसळायची हे पहिल्यांदाच तिने एकटीने ठरवलं होतं. ‘‘बाबा, बाकी सगळे छानच म्हणतात. तू खरं सांग.’’

साडूंनी चहाचे बिनकानाचे पांढरे कप मांडले. ‘‘दूध घालून बघायचं का?’’

‘‘बाबा!’’

‘‘गंमत केली गं.’’

मला ती गंमत खटकली. हा माणूस चाखताना कधी गंमत करत नसे. त्यांनी कपात नाक खुपसलं, घोट ओढला, घोळवला, थुंकला आणि वहीत आकडा लिहीत म्हणाले, ‘‘साडेसहा.’’

त्या पानावर ओळीने तोच आकडा दिसला, म्हणून मी वही मागे उलटली. आकड्यांत वर-खाली नसलं की मला चैन पडत नाही. मार्चमध्ये त्यांना ताप आला होता, तोवर दोनपासून आठपर्यंत सगळं होतं. तापानंतर आमटी साडेसहा, खीर साडेसहा, माझ्या डोळ्यांदेखत करपलेलं पिठलं, तेही साडेसहा.

‘‘भाऊ, हे काय?’’ मी बोट ठेवून विचारलं.

त्यांनी कप बाजूला सारला. ‘‘वास गेलाय रे. आठ महिने झाले. गोड-आंबट कळतं, बाकी नुसतं ओलं लागतं.’’

‘‘मग मला आधी सांगायचंस ना!’’ मुलगी म्हणाली.

‘‘सांगितलं असतं तर बाटली घेऊन आली असतीस?’’

त्यांनी स्वतःच साडेसहा खोडले आणि शेजारची जागा रिकामी ठेवली. ‘‘वास आला की भरतो.’’

उरलेली बाटली ओट्यावर राहिली. दर रविवारी ते तिच्या तोंडाशी नाक नेत, समोर मी चहा घेत बसे. उघडलेली वाइन चार-पाच दिवसांपलीकडे टिकत नाही, हे मुलीने मला फोनवर सांगितलं होतं. मी सहसा कुणापासून काही लपवत नाही. हे लपवलं.

अकराव्या रविवारी त्यांनी नाक झटकन मागे घेतलं. ‘‘आंबलीय रे ही!’’ पुन्हा नाक नेलं, डोळे मिटले. ‘‘थांब. खाली जांभूळ आहे. आणि ओलं लाकूड.’’ मग वही काढून रिकाम्या जागी त्यांनी दोन लिहिले. मी फोटो पाठवला. लगेच मुलीचा फोन आला. मी तो स्पीकरवर टाकला.

‘‘बाबा, दोनच?’’

‘‘शिळ्याला याहून जास्त देत नाही मी. ताजी घेऊन ये.’’

त्या दुपारी ते आमच्याकडे जेवले. आमटीला सव्वापाच मिळाले, सतरा वर्षांतले सर्वांत कमी. बायकोने त्यांची वाटी पुन्हा भरली.