जपानी सुरीला गिऱ्हाईक

ती सुरी इतकी धारदार झाली होती की तिच्याकडं टक लावून पाहिलं तरी पापणीचा केस तुटायचा. हे मी बाळापुरात निदान शंभर माणसांना सांगितलं, आणि त्यातल्या एकानंही ती विकत घेतली नाही.

आखाडा बाळापुरात रस्त्याच्या कडेला आमची भट्टी. ट्रक गेला की ऐरण आपोआप वाजायची, त्यामुळं निम्मं काम ट्रकच करतात, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. खरं काम आम्ही दोघं करायचो. मी सांडशीत लोखंड धरून लहान हातोड्यानं जागा दाखवायचो, बायको त्या जागेवर घण मारायची. घण नसेल तेव्हा ती भात्याची साखळी ओढायची. खुरपी, विळे, कुऱ्हाडी, वखराच्या पासा, लग्न झाल्यापासून हेच. दोन हजार सालाच्या पुढं-मागं तिचा उजवा खांदा धरला. हात डोक्यापर्यंत जाईना. वेणी घालायला शेजारीण यायची. डॉक्टर म्हणाले, भाता सोडा. भाता सोडला तर भट्टी विझते, हे डॉक्टरांना कोण सांगणार? नांदेडच्या एका दुकानात आम्ही विजेचा ब्लोअर पाहिला होता. बटण दाबलं की वारा. पण खुरप्यांच्या कमाईत तो बसत नव्हता.

अशात डोंगरकड्याचा एक पोरगा दिवाळीला गावी आला. पुण्याला मोठ्या हॉटेलात आचारी होता. खिशातून मासिकाचं रंगीत पान काढून माझ्यासमोर धरलं. लांब, निमुळती सुरी, हलक्या लाकडाची मूठ.

"मामा, ही जपानी सुरी हाय. आमच्या मालकानं जपानी खाणं चालू केलं. कच्चा मासा कापायचा, कागदावानी पातळ. धार एकाच अंगानं, दुसरं अंग सपाट. जमंल का तुमाला?"

"जमंल का म्हंजे? आमच्या आज्याच्या हातची कट्यार निजामाच्या कमरेला होती!"

आजा जन्मभर बैलाचे नाल ठोकत होता. पण पोराचा जीव भांड्यात पडला. ही पसंत पडली तर मालक आणखी दहा घेईल, म्हणाला. सांगितलेली किंमत ऐकून भात्यापाशी बसलेल्या बायकोनं खांद्यावरचा हात काढला. तिला ब्लोअर दिसला, मला कळलं.

ट्रकच्या मोडक्या कमानीचा पाटा घेतला. तापवला, ठोकला, पातळ केला. पहिली सुरी पाण्यात घातली तशी टिच्च करून तडकली. दुसरी केळ्यासारखी वाकली. तिसऱ्या वेळी पाण्याऐवजी घरातलं करडीचं तेल डब्यासकट भट्टीवर आणलं. ती सुरी सरळ निघाली. त्यानंतर बरेच दिवस आमच्या घरची भाजी बिनतेलाची होती आणि बायकोचं बोलणंही. घण छातीपर्यंतच उचलून मारायची, तरी तिचा खांदा इतका सुजला की ब्लाऊजची शिवण उसवली. घण टेकवून उभी राहायची, दम घ्यायची, पुन्हा उचलायची. मी म्हणायचो, हा शेवटचा. असे शेवटचे पुष्कळ झाले.

मूठ सुताराकडून करून घेतली. सुरी घासून घासून आरसा केली. मग गावातल्या एसटीडीवरून पुण्याला फोन लावला.

"मामा, त्याचं असं झालं," पोरगा म्हणाला, "जपानी कोणी खाईना. मालकानं पंजाबी चालू केलं."

"मंग?"

"पंजाबीला साधी सुरी चालते, मामा. ठिवा तुमच्यापाशी. एवढी चांगली वस्तू, कोणीबी घेईल."

इसार घेतला नव्हता. डोंगरकड्याचं पोरगं, आपल्या ओळखीचं, त्याला काय इसार मागायचा? घरी येऊन सांगितलं. बायको म्हणाली, "बरं." एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मग सुरी धोतराच्या फडक्यात गुंडाळून मी विकायला निघालो. आधी बाजारातला खाटीक गाठला. त्यानं उलटीपालटी करून पाहिली.

"ह्या अंगाची धार काहून न्हाई? अर्धीच करून आनली का?"

"जपानात अशीच असते. फक्त हाडावर मारायची न्हाई."

"हाडावर मारायची न्हाई? मंग मी काय लोनी विकून राहिलो काय?"

भजीवाल्याला सांगितलं, हिनं कांदा कापला तर कांद्याला दुसऱ्या दिवशी कळतं, आणि बोटाच्या सावलीलाही जपावं लागतं. त्यानं दोन्ही हात पाठीमागं घेतले आणि मला फुकट चहा पाजून वाटेला लावलं. कुरुंद्याचा एक बागाईतदार मात्र खरोखर भुलला. केळीचे घड उतरवायला घेतो म्हणाला, पाकीटही काढलं, आणि एकदम थबकला. "आज शनवार न्हाई का? शनवारी लोखंड घरात कसं न्यावं? उद्या येतो." उद्या आला तो त्याचा भाऊ, खुरप्याला मूठ बसवायला. मोठ्या भावाचं काय, विचारलं. म्हणाला, "त्यानं आमाला सांगितलं, की ही सुरी पापणी कापते. माय म्हनली, घरात लेकरं हायती."

रोज संध्याकाळी मी फडकं घेऊन परत यायचो. बायको भाता ओढत असायची, डाव्या हातानं, एका अंगावर कलून. माझ्या हाताकडं बघायची आणि पुन्हा विस्तवाकडं बघायची. मग मीही तिच्याकडं बघेनासा झालो. सुरीला मात्र रोज पुसून ठेवत होतो, कारण ते पोलाद रुसक्या सुनेसारखं होतं. जरा दुर्लक्ष झालं की तांबूस व्हायचं.

उन्हाळ्यात कंदुऱ्यांचे दिवस आले. कंदुरी म्हणजे नवसाचं बोकड. आमच्याकडं धनगराच्या घरची असो की कुणब्याच्या, बोकडावर सुरी मुलाणीच फिरवतो. त्याच्या हातानं झाल्याशिवाय नवस फिटला असं कोणी मानत नाही. म्हातारा मुलाणी आपली झिजलेली सुरी पाजवायला भट्टीवर आला. मी लगेच घसा खाकरला.

"चाचा, एक चीज दाखवतो. जपानच्या बादशहाची..."

"अवो," बायको म्हणाली, "चाचासाठी चहा सांगून या."

"ऐकून तर घे..."

"जाता का?"

मी उठलो, पण टपरीवरच्या पोराला तिथूनच हाक मारली आणि दारातच उभा राहिलो. तिनं साखळी सोडली, फडकं उलगडलं, सुरी मुठीकडून पुढं केली.

"चाचा, हाडावर मारू नका, तुटंल. दगडावर ह्याच अंगानं घासायची. काम झालं की पुसून तेल लावायचं, न्हाई तर गंजती. दुसरं काही सांगन्यासारखं न्हाई."

म्हाताऱ्यानं अंगठ्याचं नख धारेवर टेकवलं आणि मुठीपासून टोकापर्यंत हळूहळू नेलं. पुन्हा उलटं आणलं. डोळे मिटले होते. कुठं खाच लागते का, ते तो नखानं ऐकत होता.

"धारंला एकबी दाता न्हाई," तो म्हणाला. "एक खाच असली तर जनावराला तकलीफ होती, बाई. माझ्या बापाच्या सुरीनंतर अशी धार आज लागली. कितीला?"

तिनं आकडा सांगितला. पुण्याच्या आकड्याच्या अर्धाही नव्हता. मी दारातून तोंड उघडलं. तिनं माझ्याकडं अशी नजर टाकली की ते मिटलं. नवा ब्लोअर त्यात येत नव्हता, पण वसमतला एक वर्कशॉप बंद पडलं होतं, तिथला जुना येत होता. हे तिनं आधीच विचारून ठेवलं होतं.

सुरी विकण्याचं श्रेय मी आजही घेतो. एवढे दिवस मी हवा केली नसती तर चाचा सुरी पाजवायला दुसरीकडं गेला असता, असं मी सांगतो.

ब्लोअर आला. भट्टीशी जोडला, बटण दाबलं. वारा नाही. सकाळपासून लाईट नव्हती आणि संध्याकाळपर्यंत येणार नव्हती. समोर एक शेतकरी वखराची पास घेऊन उकिडवा बसलेला. बायको उठली आणि साखळीकडं निघाली.

"बस," मी म्हणालो.

मीच डाव्या हातात साखळी घेतली, उजव्या हातात सांडशी. दोन्हीकडून हाडं बोलायला लागली. "जपानात एकच मानूस दोन्ही कामं करतो," मी तिला सांगितलं.

भिंतीला टेकून तिनं खांदा दाबत डोळे मिटले.

"खोटं कमी बोला," ती म्हणाली, "वारा जास्त घाला."