फुली मारलेली काच

आखाती युद्धाच्या त्या हिवाळ्यात तुम्ही कुठे होता, असं कुणी विचारलं की मी छाती पुढे काढून सांगतो, आघाडीवर. समोरच्याचे डोळे पुरेसे मोठे झाले की मग खरं सांगतो: सौदीत, अल खर्जच्या पुढे एका छोट्या गावच्या बलदियात, म्हणजे नगरपालिकेत, ड्राफ्ट्समनच्या टेबलावर. शस्त्र म्हणाल तर एक टी-स्क्वेअर.

आमच्या बलदियाची नियमावली फार जुनी झाली होती. ती नव्याने लिहायचं काम युद्धाआधी निघालं, आणि युद्ध सुरू झाल्यावर थांबवा असं कुणी सांगितलं नाही म्हणून चालू राहिलं. रोज सकाळी मुदीरसाहेबांच्या, म्हणजे बलदियाच्या प्रमुखांच्या, खोलीत बैठक. कायद्याचे सल्लागार, एक भारदस्त इजिप्शियन गृहस्थ, एकेक कलम वाचायचे. मुदीर खिडकीबाहेर बघत ‘तय्यिब’ म्हणायचे, की कलम मंजूर. खाटिकखान्याच्या वेळा, तय्यिब. विनापरवाना भिंत बांधल्यास दंड, तय्यिब. वरून लढाऊ विमानं जायची, चहाचे पेले बशीत किणकिणायचे. आवाज विरला की सल्लागार तुटलेल्या शब्दापासून पुढे वाचायला लागायचे.

भीती पहिल्या आठवड्यातच वाटून संपली होती. गॅस मास्क जेवणाच्या डब्याशेजारी पडून असायचा. बायको-मुलांना मी आधीच मुंबईला पाठवलं होतं. फोनवर मुलगी विचारायची, “पप्पा, आर यू स्केअर्ड?” मी नाही म्हणायचो. ते खरं असायचं, आणि त्यात शौर्याचा अंशही नसायचा. आपण जेवलो की नाही, हे मी मोरीतली ताटली बघून ठरवत होतो.

अशात एक दिवस चाचा आला. चाचा रायगडच्या किनाऱ्यावरचा. बलदियासमोर त्याचं तोब, म्हणजे अरबी झगे शिवायचं दुकान होतं. त्याचं मशीन अगदी काचेला लागून. स्फोटाने काच अंगावर येऊ नये म्हणून, रेडिओवर सांगितलं तसं, त्याने काचेवर चिकटपट्टीच्या मोठ्या फुल्या मारल्या होत्या. पण बलदियाच्या नियमाप्रमाणे दुकानाची काच कोरी हवी. आत काय चाललंय ते रस्त्यावरून दिसलं पाहिजे. इन्स्पेक्टरने बजावलं होतं, शनिवारपर्यंत पट्ट्या काढ, नाहीतर दुकानाला सील. परवाना कफीलच्या, म्हणजे त्याला इथे आणणाऱ्या अरबी मालकाच्या नावावर. सील लागलं की कफील खलास म्हणणार, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना जाणार, आणि चाचा गाशा गुंडाळून घरी.

चाचाने आरडाओरडा केला नाही. स्टुलावर बसला आणि म्हणाला, “भाऊ, पट्टी काढली तर काच अंगावर, ठेवली तर कफील अंगावर. कमी कुठलं लागेल?”

“काढून टाक,” मी म्हणालो. “क्षेपणास्त्र काय तुझाच पत्ता विचारत येणार आहे?”

“मेल्या, तुझं टेबल काचेपासून लांब आहे म्हणून तुला विनोद सुचतायत.”

त्याचं बरोबर होतं.

त्याच आठवड्यात बैठकीत दुकानांचं कलम आलं. काचेबद्दल जुना अर्धा पानभर मजकूर होता. तो वाचायचा सल्लागारांना कंटाळा आला आणि त्यांनी त्या जागी एकच ओळ घातली: दर्शनी भाग सोबतच्या आकृतीप्रमाणे असावा. आकृती काढायची मी. एखादं नीटनेटकं दुकान बघून काढ, म्हणाले.

मी टेप घेऊन सरळ रस्ता ओलांडला. चाचाच्या दुकानाची पायरी मापली, पाटी मापली, दार मापलं, काच मापली. मग टेबलावर बसून सगळं रेखाटलं, फुल्यांसकट. फुल्या तर इतक्या सुबक काढल्या, पट्टीची रुंदीही बाणाने दाखवली, की कॉलेजच्या सरांनी पाठ थोपटली असती.

बैठकीत सल्लागारांनी फुलीवर बोट ठेवलं. “हे काय?”

“जागेवर आहे तसं,” मी म्हणालो. यात खोटं काय होतं?

एरवी त्यांनी मला टी-स्क्वेअरसकट बाहेर काढलं असतं. त्यांनी झोप न झालेल्या डोळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि कागद मुदीरांपुढे सरकवला. तय्यिब. शिक्का.

शनिवारी इन्स्पेक्टर सील घेऊन चाचाच्या दारात उभा राहिला. मी नव्या नियमावलीचं पान त्याच्या हातात दिलं. त्याने एकदा पान पाहिलं, एकदा काच पाहिली, बोटाने फुल्या जुळवल्या. मग चेहऱ्यावरची रेषही न हलवता शेजारच्या बेकरीत गेला आणि काच कोरी ठेवल्याबद्दल बेकरीवाल्याला ताकीद दिली.

काही दिवसांनी युद्ध संपलं. रस्त्यावर गाड्यांचे भोंगे वाजत होते. चाचा ब्लेड घेऊन पट्टी खरवडायला लागला होता. मी धावत जाऊन त्याचा हात धरला.

“ब्लेड ठेव, चाचा. नियम मोडशील. दुरुस्ती बैठकीतूनच व्हायला हवी, आणि मुदीर रजेवर गेलेत.”

चाचाने माझ्याकडे नीट पाहिलं. मी हसेन असं त्याला वाटलं असावं. मलाही तसंच वाटलं होतं.

“लढाई संपली ना पण?” त्याने विचारलं.

“संपली म्हणतात.”

त्याने ब्लेड खणात टाकलं आणि मशीन सुरू केलं. बाहेरून तो मला फुलीच्या चार तुकड्यांत दिसत होता. आता आनंद होईल म्हणून मी थोडा वेळ रस्त्यावर थांबलो. मग टेबलावर परत गेलो. बागांच्या कलमाची आकृती काढायची राहिली होती.