वाफ्यातली चार अंडी

आमच्या खाडीकाठी मिठाचा वाफा आधी पायांनी तुडवून घट्ट करतात, मगच त्यात भरतीचं पाणी घेतात. यंदा बांध फुटल्यामुळे मला चैत्र उजाडला. आज सकाळी तुडवता तुडवता पाऊल पडणार तिथंच चार अंडी दिसली, चिखलाच्या रंगाची. लांब लाल पायांची शेकाटी डोक्यावर ओरडत फिरत होती. मी पाय मागे घेतला.

हे खाजण माझ्या आजानं बांध घालून खाडीकडून घेतलं, म्हणून आम्ही ते आमचं म्हणतो. त्याआधी हे कुणाचं होतं, ते मला कुणी शिकवलं नाही. शाळेत मी दोनच वर्षं टिकलो.

बायको बांधावरून म्हणाली, "अहो, पाणी कधी घेणार? बाकीचे वाहून गेले, एवढा एकच वाफा उरलाय."

"पिल्लं निघाल्यावर."

"मग मीठ पिकेपर्यंत पाऊस येईल. मग वर्षभर दुकानातलं मीठ खाल? तुम्ही?"

मी पाण्याच्या दाराची फळी आणखी घट्ट ठोकली. संध्याकाळी मिठाची पिशवी आणायला मीच गेलो, भर बाजारातून, मान वर ठेवून.