पट्टीवाल्या मावशींची कोंबडी

पट्टीवाल्या मावशी कुणाला बरं वाटेल असं एखादं वाक्य बोलल्याचं आमच्या क्वार्टरांच्या ओळीत कुणालाच आठवत नाही. बरं करण्याचं काम त्यांनी तीस वर्षं केलं, वाटण्याचं मात्र ज्याचं त्याच्यावर सोडलं. पोलादाच्या प्लांटच्या दवाखान्यात त्या ड्रेसर होत्या, जखमांना पट्ट्या करायच्या. भाजलेले, कापलेले, ठेचलेले कामगार त्यांच्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसत आणि भट्टीपेक्षा ही बाई जास्त गरम आहे असं म्हणत घरी जात. जखमा मात्र भरत. घराच्या दारावरच्या पाटीवर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण पोस्टमन सोडून ते कुणी वाचत नसे.

बाबांचा हात एकदा कामावर भाजला होता. ते पट्टी करायला गेले तेव्हा मावशींनी आधी हात पाहिला, मग बाबांचं तोंड पाहिलं आणि विचारलं, "लोखंड गरम राह्यते हे नवीन कळलं का तुमाले? बारा वर्षं काय दही लावून राहिले होते तिथं?" हा किस्सा बाबा पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगत, एखादं पदक मिळाल्यासारखं. हातावर डाग राहिला नाही, हे सांगायला मात्र ते विसरत.

मावशी निवृत्त झाल्यावर सेक्टर दोनमधल्या आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये एकट्याच राहत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगी नागपूरला. पेशंट संपले, पण निरीक्षणाची सवय राहिली, आणि दोन क्वार्टरांमधली भिंत कमरेएवढीच होती.

मी तेव्हा घरून नोकरी करत होतो, म्हणजे लॅपटॉपसमोर बसून मान हलवत होतो. उरलेल्या वेळात मी उतईच्या बाजारातून चार कोंबड्या आणल्या. कोंबडीपालनाचे अकरा व्हिडिओ पाहिले असल्यामुळे मला त्यातलं सगळं येत होतं. मागच्या बाडीत, म्हणजे परसात, जुन्या कूलरच्या लोखंडी खोक्याला जाळी ठोकून मी खुराडं केलं आणि कडीच्या जागी तार पिळली. मावशी भिंतीपलीकडून बराच वेळ बघत होत्या.

"चांगलं केलं," त्या म्हणाल्या. "मुंगसाले आता उघड्यावर खावं नाई लागणार. डब्यात भेटन."

मला तो मत्सर वाटला.

दोन महिन्यांनी एका दुपारी मीटिंग चालू असताना मागे एकच कालवा झाला. मी माइक बंद करून धावलो. (माझ्याविना ती मीटिंग शेवटपर्यंत उत्तम चालली, असं नंतर कळलं.) तार सुटली होती आणि मुंगूस तांबड्या कोंबडीला पाठीवर धरून ओढत होतं. मी ओरडलो तसं ते तिला टाकून कुंपणाखालून निघून गेलं. पंखापासून शेपटीपर्यंत कातडी उलटली होती आणि आतलं मांस दिसत होतं. तांबडी ओरडत नव्हती, नुसती बसून होती.

बाबा आले, वाकून बघितलं. "तडफडत नको ठेवू तिले," ते म्हणाले. "आईले सांग, मसाला वाटाले घे."

कोंबडी मांडीवर घेऊन मी फोनवर उपाय शोधू लागलो.

"फोन घासून पाह्य जखमेवर," भिंतीवरून आवाज आला. "लागला तर गुण लागन."

मावशी फाटकातून आत आल्या, खुर्ची ओढून बसल्या आणि दोन्ही हात पदराखाली घेऊन हुकूम सोडू लागल्या. पाणी उकळ, मीठ टाक, निवू दे. कात्री आणि चिमटा उकळ. जुना टॉवेल आण, तिला गुंडाळ, डोळ्यांवर घे, अंधार झाला की ती शांत होईल. बाबांना त्यांनी आयोडीनचं तपकिरी औषध आणि सुई नसलेली सिरिंज आणायला पाठवलं. बाबा निमूटपणे गेले आणि दोन्ही घेऊन आले. मसाल्याचा विषय तिथेच संपला.

"पिसं उपटू नको, काप. तुह्या डोक्याचे केस कोणी उपटले तर आवडन का तुले? सिरिंजनं धार मार आता. हळू. कोंबडी धूत हायेस, स्कूटर नाई."

"मावशी, तुम्हीच करा ना," मी म्हणालो. "तुम्हाला सवय आहे."

"मले सवय हाय म्हणून तू शिकू नको का?"

पाठीवरचे दातांचे घाव खोल होते. सुईदोरा आणू का, म्हणून मी विचारलं. "शिवशील वरून आणि आत पू साचन," त्या म्हणाल्या. "मंग शिवणकाम झकास आणि कोंबडी मेली." एका घावात पिसाचा तुकडा आत अडकला होता. तो मला निघेना. चिमटा नुसता घसरत होता, आणि दर वेळी तांबडी टॉवेलात थरथरायची. मावशींनी चार-पाच वेळा 'सोड, पुन्हा धर' म्हटलं. मग न राहवून त्यांनी पदरातून उजवा हात काढला आणि चिमटा माझ्याकडून घेतला.

चिमट्याचं टोक स्टीलच्या वाटीच्या काठावर टकटक वाजू लागलं. त्यांनी मनगट डाव्या हाताने धरलं, तर दोन्ही हात हलू लागले. मी वर बघितलं. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. चिमटा वाटीत ठेवून त्यांनी हात परत पदराखाली घेतले.

"पाह्यलं?" त्या म्हणाल्या. "झालं पाहून? आता काढ ते पीस."

मी काढलं. कसं, ते मला आजही सांगता येणार नाही. औषध चहाच्या रंगाइतकं पातळ करून लावलं, कातडी जागेवर सरकवली. बाबा सिरिंज धुवायला आत गेल्यावर मावशी हळू आवाजात म्हणाल्या, "नोकरीचे शेवटले सहा महिने मी टेबलं पुसून काढले. जखमेले हात नाई लावला. इन्चार्जले वाटे, बाई सफाईची मोठी शौकीन हाय." मग नेहमीच्या आवाजात, "हे कोणाले सांगशील तर पाह्य."

मी कुणाला सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्या हुकमावरून तांबडीला खोक्यात घालून मी दुर्गला जनावरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी आत जंतू वाढू नयेत म्हणून औषध दिलं आणि विचारलं, "ड्रेसिंग किसने किया?" मी छाती फुगवून घरी आलो आणि मावशींना सांगितलं.

"चांगली केली म्हणून विचारलं का बिघडवली म्हणून?" त्या म्हणाल्या. "ते नाई विचारलं तू."

पुढचे तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ पट्टीवाल्या मावशींचा दवाखाना आमच्या मागच्या व्हरांड्यात भरला. तांबडीला इतर तिघींपासून वेगळं ठेवलं होतं, कारण रक्त दिसलं की कोंबड्या आपल्याच बहिणीला टोचतात. "दवाखान्यात भेटाले येणारे नातेवाईक असेच राह्यतात," मावशींचं मत. माशी बसली की अळ्या पडतात म्हणून खोक्यावर मच्छरदाणीचा तुकडा बांधला. तीन दिवस तांबडीने दाणा घेतला नाही, मी थेंब थेंब गुळाचं पाणी पाजत होतो. चौथ्या दिवशी तिने ओला भात खाल्ला, तोही बाबांच्या हातून. मसाला वाटायला निघालेला हा माणूस पुढे रोज वाटी घेऊन तिच्यासमोर उकिडवा बसू लागला. महिनाभराने पाठीवर नवी पिसं फुटली, जरा वाकडी.

मावशी निरखून बघत म्हणाल्या, "बरी झाली. पण तुह्यासारखीच दिसून राहिली, विंचरल्याबिगर."

वर्षभराने मुलगी त्यांना न्यायला आली. तोवर हातांची थरथर सगळ्यांना दिसू लागली होती, लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी सामान टेम्पोत चढवलं. भावुक होऊन मी काहीतरी बोलायला गेलो, तर त्यांनी विचारलं, "खुराड्याले कडी बसवली का अजून तारच हाय?" मी कडी दाखवली. त्या गाडीत बसल्या.

मागच्या हिवाळ्यात मुलीचा फोन आला. मावशी आता अंथरुणातच होत्या, पडून पडून पाठीला जखम झाली होती, आणि पट्टीसाठी ठेवलेल्या दोन बायका त्यांच्या तोंडाला घाबरून पळाल्या होत्या. मी नागपूरला गेलो. त्या भिंतीकडे तोंड करून पडल्या होत्या, खूप लहान दिसत होत्या. मी साबणाने हात धुतले, पाणी निववलं आणि जखम उघडली. ती खोल होती. मी त्यांच्या टोमण्याची वाट बघत हळूहळू काम करत गेलो. धुतलं, टिपलं, पट्टी लावली, कडा दाबल्या. पूर्ण वेळ त्यांनी एकही चूक काढली नाही. दुखलं तिथे फक्त उशीचं टोक मुठीत धरलं.

झाल्यावर मी त्यांना कुशीवर नीट टेकवलं. त्यांनी मुलीला हाक मारली.

"याले चहा दे," त्या म्हणाल्या. "अद्रक घालून. उभ्यानं काम केलं पोट्ट्यानं."

तो चहा पिता पिता माझी दुर्गची गाडी चुकली. मी पुढच्या गाडीने आलो.