डब्यातली पुडी

"साहेब, संडासात कोणीतरी काडी ओढलीय! वास येतोय!" सुपरवायझर धापा टाकत आला. मी ताडकन उठलो.

कोकणातल्या लोटे औद्योगिक वसाहतीत एका केमिकल कंपनीत मी सेफ्टी ऑफिसर होतो. आमच्या प्लांटमध्ये सॉल्व्हंट असे, म्हणजे रसायनं विरघळवायचा द्रव. त्याची वाफ पेट्रोलसारखी भडकते. म्हणून गेटवर प्रत्येकाचे खिसे चाचपून विडी-काडी काढून घेत. मग ही काडी आत आली कुठून?

दार तोडलं. आत अनंता बसला होता. हातात काजळी धरलेला चंदेरी कागद, डोळे अर्धवट मिटलेले. गर्द, म्हणजे हेरॉईनची नशा! हे मुंबईचं खूळ, असं मी पेपर वाचताना समजत होतो. आणि अनंता म्हणजे माझा सगळ्यांत भरवशाचा ऑपरेटर.

शेजारी त्याचा जेवणाचा डबा. वरच्या कप्प्यात पुडी आणि काडेपेटी. गावातल्या आयाबाया सकाळी डबे कंपनीच्या बसमध्ये आणून देत. दुसऱ्याच्या घरचं अन्न उघडून बघणं वॉचमनला पाप वाटे, त्यामुळे डबे तसेच आत जात.

"आजच काढा त्याला," मॅनेजर म्हणाले.

"साहेब, आधी उपचार करून बघू. माणूस चांगला आहे."

"आणि प्लांट उडाला तर बाकीच्यांच्या घरी निरोप घेऊन तुम्ही जाणार?"

ऑर्डर निघाली.

दुसऱ्या दिवशी त्याची आई ऑफिसात आली. पोराला परत घ्या म्हणून हात जोडू लागली. मी विचारलं, "मावशी, डब्यात ती पुडी कोण ठेवायचं?"

"मीच की!" ती सहज म्हणाली. "त्याला दमा हाय ना. त्याचा दोस्त मुंबैसून यष्टीच्या डायवरकडं औषद धाडतो. त्याची धुरी घ्यायला लागते, म्हनून काडेपेटी पन मीच ठेवतंय. पोराची आबाळ नको."

अख्ख्या प्लांटची होळी ही बाई रोज भाकरीसोबत बांधून देत होती! मी सांगितलं, "मावशी, ते औषध नव्हे. विष आहे."

ती हळूच म्हणाली, "म्हंजे त्याची नोकरी मीच घालवली?"

अनंताला लोट्यात पुन्हा कोणी उभं केलं नाही. गेटवर आम्ही डबे उघडायला लागलो. आमचं सेफ्टी मॅन्युअल चोरून विडी-काडी आणणाऱ्यांसाठी लिहिलेलं होतं. आयांसाठी त्यात एकही ओळ नव्हती.