भादरायचं नाही

कुत्र्याचे केस उपटणारी पोर, अशी घोडपदेवच्या आमच्या चाळीत माझी ओळख होती. ओळख खरी होती, म्हणून मी ती कधी नाकारली नाही. आजही कुणी विचारलं तर सांगते, हो, उपटायची. दोन्ही हातांनी आणि कुणाच्या बापाला न घाबरता. एकदा तर स्वतःच्याच बापाला न घाबरता, ते पुढे सांगते.

वडील रे रोडला एका लाकडाच्या वखारीत पहारेकरी होते आणि तो कुत्रा तिथला दुसरा पहारेकरी. जात विलायती, उंची गुडघ्याएवढी, तोंडाला दाढीमिशा आणि अंगावर नारळाच्या सोडणासारखे राठ, तांबूस केस. तो मूळचा बोटीवर उंदीर मारायला ठेवलेला. आमच्या गावच्या एका खलाशाची बोट बदलली तेव्हा त्याने तो वडिलांच्या हवाली केला. वखारीत घुशींनी उच्छाद मांडला होता. कुत्रा ओंडक्यांच्या फटीत शिरायचा आणि बाहेर यायचा तो घूस तोंडात धरूनच. मालकांनी खूश होऊन त्याला ठेवून घ्यायला सांगितलं. त्याला नाव कुणी ठेवलं नाही. वडील जिभेने टक् करायचे, की तो हजर.

खलाशाने जाताना एक गोष्ट निक्षून सांगितली होती. याला कात्री लावायची नाही, मशीन तर मुळीच नाही. त्याच्या अंगावर दोन थर असतात, खाली मऊ लव आणि वर राठ केस. वरचा केस वाढतो, मरतो, आणि मेलेला तसाच अंगात अडकून राहतो. तो चिमटीत धरून ओढला की मुळापासून सुटतो आणि त्या जागी नवा राठ केस येतो. कापला तर मूळ आत राहतं आणि वर येतो नुसता कापूस. त्या कापसात पाणी मुरतं, भुसा गच्च बसतो, लाकडाची कुसळं थेट कातडीत घुसतात. मग कुत्रा कसला आणि राखण कसली!

हे काम वडिलांनी मला शिकवलं. त्यांची बोटं जाड होती, बारीक चिमूट जमायची नाही. मी त्यांचा डबा घेऊन वखारीत जायची, ती तिथेच बसायची. डाव्या हाताने कातडी ताणून धरायची, उजव्या हाताच्या बोटांना चुलीची राख लावायची म्हणजे केस निसटत नाही, आणि केस ज्या दिशेला वळलाय त्याच दिशेला ओढायचा. मेलेला असेल तर सहज हातात येतो. अडला तर सोडून द्यायचा. कुत्र्याला दुखत नाही. तो तर डोळे मिटून घोरायचा.

पण हे चाळीला कोण सांगणार? मुक्या जनावराला छळते, म्हणून बायका माझ्याकडे बघून तोंड फिरवायच्या. आमच्याकडे घरात केस पडले की भांडण होतं असं मानतात, त्यामुळे आई मला जिन्यातच थांबवून साडी झटकायला लावायची. तरी एखादा तांबूस केस घरात यायचाच, आणि मग त्या केसावरून खरोखरच भांडण व्हायचं. लग्नाच्या वयाची मुलगी, बोटांना घट्टे आणि पदराला कुत्र्याचा वास, हे तिचं दुखणं होतं. मी म्हणायची, ज्याला वास येईल त्याने दुसरी बघावी. पुढे एकाला आला नाही. असो.

छप्पन सालच्या थंडीत मी कामाला बसले. उजवी बाजू पूर्ण झाली, मानेपासून शेपटीपर्यंत. तांबूस केस निघाले आणि खालची करडी, विरळ लव उघडी पडली. डावी बाजू दुसऱ्या दिवशी करायची होती.

दुसरा दिवस आलाच नाही. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही असं जाहीर झालं आणि गिरणगाव पेटलं. मोर्चे, दगड, अश्रुधूर, मग गोळीबार आणि संचारबंदी. वडील संचारबंदीत घरीच अडकले. चाळीच्या गॅलरीत उभे राहून ते सगळ्यांबरोबर घोषणा द्यायचे. मितभाषी माणूस, पण ‘झालाच पाहिजे’ म्हणताना त्यांच्या मानेच्या शिरा तट्ट फुगायच्या. मला त्यांचा फार अभिमान वाटायचा. आणि त्याच वेळी, खरं सांगते, माझ्या डोळ्यांपुढे तो अर्धवट राहिलेला कुत्रा यायचा. मी तसं बोलून दाखवलं तर आई भडकली.

“हंय माणसां मरतत, आणि तुका कुत्र्याची पडली हा!”

पडली होती. मागच्या गल्लीतला एक जण गोळी लागून गेला, त्याच्यासाठी मी ओक्साबोक्शी रडले होते. माणसासाठी रडलं म्हणजे कुत्र्याची काळजी करायची नाही, असा नियम मला कुणी दाखवला नव्हता. अजूनही दाखवलेला नाही.

संचारबंदी उठली तसे वडील वखारीत गेले आणि दुपारीच घरी आले. चेहरा उतरलेला. वखारीच्या मॅनेजरने कुत्रा पाहिला होता. एक बाजू राठ, दुसरी करडी, उघडी. बघणाऱ्याला वाटावं, कुत्र्याला खरूज झाली आहे आणि निम्मं अंग खाऊन झालं आहे. मॅनेजरला तसंच वाटलं. त्याने म्युनिसिपालटीच्या कुत्रे धरायच्या गाडीला निरोप धाडला होता. गाडी सकाळी येणार होती. त्या गाडीत गेलेला कुत्रा परत येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

वडिलांनी हात जोडले तेव्हा मॅनेजरने एक सवलत दिली. “न्हाव्याकडून सगळा भादरून घे आणि गंधकाचं तेल चोपड. सकाळी मला दोन्ही बाजू एकसारख्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर गाडीत.” हा मॅनेजर शिवाजी पार्कजवळ राहणारा, स्वच्छ धोतर नेसणारा, सभेला पुढच्या रांगेत बसणारा. वडिलांहून वयाने लहान, पण त्यांना अरेतुरे करायचा.

वडील वखारीकडे परत निघाले, पाठोपाठ मी. फाटकाशी पोचते तर आधीच निरोप दिलेला फुटपाथवरचा न्हावी मशीन घेऊन बसलेला. तोही नाखूशच होता. माणसांच्या डोक्याला लावायचं मशीन कुत्र्याला लावलं हे गिऱ्हाइकांना कळलं तर कोण येईल, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. कुत्रा माझ्याकडे आला आणि नेहमीप्रमाणे डावी कूस वर करून माझ्या पायाशी आडवा झाला. त्याला वाटलं, राहिलेलं काम करायला आले आहे.

मी त्याच्यात आणि न्हाव्यात बसले. “भादरायचं नाही,” मी म्हटलं.

“गो बाय, आयक,” वडील हळू आवाजात म्हणाले. “एकदा भादरूया. केस काय, परत येतले. नोकरी गेली तर येवची नाय.”

“केस परत येवचे नाय. कापूस येतलो. पावसात ह्याचा अंग कुजतला, आणि मगे तोच मॅनेजर ह्याका गाडयेत घालतलो. तुमीच शिकयलात ना माका?”

“शिकयलंय गो. पण साहेब सांगता…”

तो ‘साहेब सांगता’ ऐकला आणि माझं डोकंच फिरलं. “चाळीत ‘झालाच पाहिजे’ म्हणान घसो फोडतास,” मी ओरडले, “आणि हंय एका माणसाक ‘नाय’ म्हणूक तुमका होवचा नाय?”

बापाशी असं बोलायची आमच्याकडे पद्धत नव्हती. न्हाव्याने मान खाली घातली. वडील माझ्या थोबाडीत मारतील असं मला वाटलं आणि मी गाल तयार ठेवला. मला त्या बोलण्याचा तेव्हा पस्तावा झाला नाही, नंतरही झाला नाही.

वडिलांनी मारलं नाही. ते न्हाव्याला म्हणाले, “तू जा बाबा. चहा पी आणि जा.” न्हावी मशीन गुंडाळून जवळजवळ पळालाच.

मग आम्ही दोघं बसलो. राख होतीच. मी पाठ घेतली, वडिलांनी मांडी. त्यांच्या जाड बोटांत केस पटकन सापडायचे नाहीत, पण ते चिकाटीने शोधत राहिले. कुत्रा मध्येच घोरायला लागला. दिवस मावळायच्या आत डावी बाजू उजवीसारखी झाली, आणि माझ्या दोन बोटांची सालं निघाली.

सकाळी मी डब्याची वाट न बघता वडिलांबरोबरच गेले. गाडी आली होती. एक माणूस लांब लोखंडी चिमटा घेऊन खाली उतरला. मॅनेजरही आला. त्याने कुत्र्याला दुरूनच सगळ्या बाजूंनी पाहिलं.

“हं. भादरलास ना? बघ, आता कसा एकसारखा दिसतोय.”

मान हलवली असती तरी भागलं असतं. कुत्रा वाचला असता, नोकरी वाचली असती, गाडी निघून गेली असती. काल एवढी तडतडणारी मी, पण त्या क्षणी मीसुद्धा मनात म्हणत होते, बाबा, हो म्हणा आणि मोकळे व्हा.

“नाही साहेब,” वडील म्हणाले. घोषणा देताना चढायचा तसा आवाज नव्हता, साधाच होता. “भादरला नाही. हातानं केस काढलेत. खरूज नव्हतीच त्याला. आणि यापुढेही त्याला मशीन लावणार नाही.”

“लावणार नाही म्हणजे? मी सांगितलं होतं तुला.”

“होय. तुम्ही सांगितलं होतंत. मी नाही म्हणतोय.”

गाडीवाला कंटाळला होता. “साहेब, कुत्रा द्यायचाय का नाय? मला अजून माझगावात जायचंय.” मॅनेजरचा चेहरा लालबुंद झाला. तो काहीतरी बोलायला गेला, तेवढ्यात कुत्र्याने कान टवकारले आणि तो सरळ सागाच्या थप्पीमागे घुसला. आत झटापट झाली. तो बाहेर आला तेव्हा त्याच्या तोंडात मांजराएवढी घूस होती. ती त्याने मॅनेजरच्या पांढऱ्याशुभ्र धोतराजवळ आणून टाकली. मॅनेजर दोन पावलं मागे सरकला आणि ऑफिसात निघून गेला. गाडी रिकामी गेली.

त्यानंतर त्या माणसाने वडिलांना जमेल तिथे छळलं. दिवाळीला सगळ्यांना मिळालं ते त्यांना मिळालं नाही, दुपारची पाळी काढून घेतली. वडिलांनी सगळं सोसलं, पण कुत्र्याला मशीन लागलं नाही. मुंबई मिळायला पुढे काही वर्षं जायची होती. त्या काळात वडील कितीतरी मोर्च्यांना गेले, मीही गेले. पण त्यांचं ‘नाही’ म्हटलं की मला ती वखारच आठवते.

त्याच वर्षी चैत्रात कुत्र्याच्या अंगावर नवे केस आले. वडिलांनी जिभेने टक् केलं, तो आला. मी त्याच्या पाठीवरून उलटा हात फिरवला. केस तळहाताला टोचले.